आधीच घरात आजारपण, त्यात माझा वेगळा तवा

पत्र जून 2021 मधलं, सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं. लिहिणारी 31 वर्षांची. नवऱ्याचा कोइमतूरला सोन्या-चांदीच्या गलाईचा, म्हणजे ते गाळून शुद्ध करायचा धंदा. तिथेच 2018 मध्ये तिला सिलिॲक हा आतड्याचा आजार असल्याचं कळलं. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला होता. गहू बंद केला आणि वर्षभरात वजन आठ किलोनं वाढलं. 2020 च्या मे महिन्यात कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे सगळे गावी आले. दिवाळीनंतर नवरा दुकान उघडायला परत गेला, ती आणि सात वर्षांचा मुलगा सासरीच राहिले. घरात नऊ माणसं, तवा एक. कोइमतूरला ती ग्लुटेन फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेलं पीठ, बिस्किटं ऑनलाइन मागवायची, इथे कुरिअर पोचत नाही. 'गव्हाची ॲलर्जी आहे' एवढंच तिनं सासरी सांगितलंय. सासरे म्हणतात, मग खपली गहू खा. वर्षभर भातावर निभावलं, सणाला आणि पाहुण्यांसमोर एखादी चपाती. 2021 च्या एप्रिलमध्ये थोरल्या दिरांना कोरोना झाला, ते चौदा दिवस दवाखान्यात होते. पाठोपाठ हिचाही अहवाल पॉझिटिव्ह आला आणि झेडपीच्या शाळेतल्या विलगीकरण कक्षात आठ दिवस काढावे लागले. सकाळी उपीट, दुपारी चपाती-भाजी आणि थोडा भात. तिसऱ्या दिवशी भूक सहन होईना म्हणून तिनं चपाती खाल्ली, आणि घरी आल्यावरही तेच चालू ठेवलं. आता जुलाब, चक्कर, हिमोग्लोबिन 8.1 वर उतरलेलं. ती विचारते: "लोकांचे जीव चाललेत आणि मी तव्यासाठी भांडू का? हे निवळेपर्यंत सगळ्यांसारखं खाल्लं तर फार बिघडेल का? नवरा म्हणतो जमवून घे. की मुलाला घेऊन परत कोइमतूरला जाऊ? आणि लस मला चालेल का?"

पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस. वयाचा हिशेब केला तर मी मावशीच लागते, म्हणून अहो-जाहो न करता सरळ तू म्हणते.

तुझ्या चार पानांत 'सध्यापुरतं' हा शब्द पाच वेळा आला आहे. सध्यापुरतं खाते, सध्यापुरतं गप्प बसते, सध्यापुरतं आत्यांना (सासूबाईंना) काही सांगत नाही. हे 'सध्या' मागच्या मे महिन्यात सुरू झालं आणि आता जून संपत आला. म्हणून आधी रोखठोक उत्तर देते. सगळ्यांसारखं खाऊन चालणार नाही, सणाची एक चपातीही नाही. 'बिघडेल का' असं विचारतेस, पण 8.1 हा आकडा तूच लिहिला आहेस.

मी डॉक्टर नाही, औषधपाण्याचं जे लिहिते ते तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. पण एवढं पक्कं आहे की सिलिॲक म्हणजे अंगावर पित्त उठावं तशी ॲलर्जी नव्हे. गहू, सातू (जव) आणि राय (हे परदेशी धान्य, मोहरी नव्हे) यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलच्या दोऱ्यांसारखे बारीक उंचवटे असतात. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषायचं काम त्यांचं. ते झडून जातात आणि टॉवेलचा सुती पंचा होतो. मग लोहाच्या गोळ्या गिळल्या तरी अंगी लागत नाहीत. (गोळ्या सोडू नकोस. डॉक्टर कदाचित इंजेक्शनातून लोह देतील, तेही नाकारू नकोस.) किती खाल्लं तर इजा होते, हे इटलीतल्या डॉक्टरांनी 2007 च्या एका अभ्यासात पाहिलं. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतडं बिघडायला लागतं. आपल्या एका मध्यम चपातीत अडीच-तीन ग्रॅम असतं. म्हणजे चपातीचे पन्नास तुकडे केलेस तर त्यातला एक तुकडा. परातीच्या काठाला वाळून चिकटलेली कणीक असते ना, तेवढं.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. लोकांचे जीव चाललेत आणि मी तव्यासाठी भांडू का. तू आजारांची रांग लावली आहेस, जसं रेशनच्या दुकानात उभं राहतो तशी. भावजींचा आजार पुढे, तुझा मागे, आणि पुढच्याचं झाल्याशिवाय मागच्यानं तोंड उघडायचं नाही. पण तुझ्या तव्यानं भावजींचा ऑक्सिजन कमी होतो का? उलट तू पडलीस तर काय होईल ते बघ. गाडी शोधायची, मिरज गाठायची, कॉट मिळवायची, रक्ताची बाटली, सोबत एक माणूस, आणि घरी स्वयंपाकाला पुन्हा आत्या एकट्या. घरच्यांचा त्रास वाचवायचा म्हणून तू खातेस, आणि त्यांना सगळ्यात मोठा त्रास त्यातूनच व्हायचा आहे.

'ही वेळ नाही' असंही तू लिहितेस. मला उलट वाटतं. दोन वर्षांपूर्वी तू आत्यांना म्हणाली असतीस, पिठाच्या कणानंही मला त्रास होतो, तर त्या हसल्या असत्या. आता त्याच आत्या दुधाची पिशवी साबणानं धुऊन आत घेतात, नोटा उन्हात टाकतात, भावजींचं ताट-तांब्या-टॉवेल वेगळा ठेवतात. यातलं काही कुणाला डोळ्यांनी दिसलं होतं का? न दिसणारी गोष्ट भांड्यावरून, हातावरून माणसाला आजारी पाडते, हे या सव्वा वर्षात अख्ख्या गावाला पटलंय. वेगळ्या तव्याचं बोलायला याहून सोपी वेळ तुला मिळायची नाही.

फरक एकच, आणि तो लक्षात ठेव. सॅनिटायझरनं ग्लुटेन जात नाही. कणकेचा हात सॅनिटायझरनं चोळला तर कणीक हातावरच राहते. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. तापवूनही ते मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच, प्रथिन आहे. 'तवा कडकडीत तापवला की झालं' हे कोरोनाला ठीक, तुला नाही.

आत्यांना कसं सांगायचं? ॲलर्जी हा शब्द टाकून दे. त्या शब्दानं लोकांना शिंका आठवतात. एकादशीची भाषा बोल. आत्या एकादशी करत असतील तर बघ, आमटीतला डाव त्या साबुदाण्याच्या कढईत घालत नाहीत. कुणी घातला तर ती खिचडी त्यांना चालत नाही, जरा लागला म्हणून सोडून देत नाहीत. तुझं रोजचं तसंच आहे, इतकंच सांग. 'आत्या, मला गव्हाची जन्माची एकादशी आहे.' कुणी सोवळ्याचं उदाहरण सुचवेल. मी सुचवणार नाही, त्या शब्दानं आपल्या गावांत काय काय केलंय ते मला माहीत आहे. उपास बरा, तो ज्याचा त्यानं धरलेला असतो. आणि यंदा, 2021 मध्ये, 20 जुलैला आषाढी आहे. वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या. त्या दिवशी घरातली नऊच्या नऊ माणसं तुझं जेवण जेवतील. सांगायला तो दिवस वाईट नाही, पण तोवर थांबू नकोस.

आणि हे सगळं तू एकटीनं का सांगायचं? आठ किलो वजन वाढलेलं तुझ्या नवऱ्यानं रोज डोळ्यांनी पाहिलंय. दुर्बिणीच्या खोलीबाहेर तोच बसला होता. 'जमवून घे' हे त्यानं तुला फोनवर सांगण्यापेक्षा, 'आई, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते ऐक' हे आईला फोनवर सांगावं. दहा मिनिटांचं काम आहे. सुनेनं मागितलं की नखरा होतो आणि लेकानं सांगितलं की पथ्य होतं. मला हे आवडत नाही, पण घरं अशीच चालतात, आणि तुझ्या आतड्याला घर सुधारेपर्यंत थांबायला वेळ नाही.

ग्लुटेन फ्री काही मिळत नाही, कुरिअर बंद आहे, हे वाचून मात्र मला हसू आलं. रागावू नकोस. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. शहरात एकटं राहणाऱ्याला त्या शब्दाचा आधार असतो, ते मी नाकारत नाही. पण तू बसली आहेस खानापूर तालुक्यात! शाळू (ज्वारी) तुमच्या रानात, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ, सगळ्या डाळी, यातलं काहीच तुझ्या वाटेत येत नाही. माझ्या आजीच्या घरी चपाती सणाला आणि जावई आला तरच व्हायची, एरवी तिन्ही त्रिकाळ भाकरी. चपाती रोजची झाली तेव्हा आम्हाला वाटलं, बरे दिवस आले. तुला भाकरी मागताना ओशाळं वाटतं त्याचं मूळ तिथंच असेल, असा माझा आपला तर्क.

या आजाराचं कारणसुद्धा एका आपत्तीतच पक्कं झालं. हॉलंडमध्ये विलेम-कॅरेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हानं ही मुलं बिघडतात असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. बाकीचे लोक खंगत असताना डिकेंची सिलिॲकची मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. लॉकडाऊनमध्ये तुझी पाकिटं बंद झाली आणि तू मात्र चपातीकडे वळलीस. हे उलटं झालं बघ.

पण ज्वारी म्हटलं की काम संपत नाही, कारण मधे गिरण आहे. आधीच्याचा गहू दळून झाला की त्याचं पीठ चक्कीच्या दगडांत आणि पिशवीत राहतं. शाळूचं दळण पडायला लागलं की पहिली ओंजळ नीट बघ, पांढऱ्यात पिवळसर झाक दिसेल. तो गहू. गावातल्या गिरणीत ज्वारीची चक्की वेगळी असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर गिरणीवाल्याला सांगून सकाळचं पहिलं दळण तुझं ठेव, आधी झाडून घ्यायला लाव, आणि पडणारं पहिलं किलोभर पीठ घरच्यांच्या भाकरीला नाहीतर म्हशीच्या आंबोणात जाऊ दे. आठवड्याचं दळण एकदम आण. ऐपत असेल तर घरघंटी घ्या, पण तीत गहू कधीच घालायचा नाही. मी जातं सुचवणार होते, पण 8.1 वर जातं ओढू नकोस.

तवा लोखंडी, नवा. माळ्यावर जुना असेल तर विटकरीनं खरवडून, साबणानं घासून चालेल. लाकडी काटवट मात्र जुनी नको, तिच्या भेगांत वर्षांची कणीक बसलेली असते; स्टीलची छोटी परात घे. उलथनं एक, तुझ्या भांड्यांना लाल दोरा बांध म्हणजे घाईत कुणी उचलणार नाही. सकाळी कणीक भिजायच्या आधी तुझी भाकरी होऊ दे, कारण पिठी उडते आणि बराच वेळ हवेत राहते. आणि नऊ माणसांच्या चपात्या तू लाटतेस हे बंद कर. त्वचेतून ग्लुटेन शिरत नाही, पण उडणारी पिठी नाकातोंडात जाते आणि नखात राहते. जाऊबाईंशी अदलाबदल कर: कणीक तुमची, भाकरी-भाजी-भांडी माझी. हा सौदा त्यांना परवडेल, भांडी कुणाला आवडतात? भाकरी घरात सगळ्यांनाच झाली तर फारच उत्तम, पण तेवढं मागू नकोस, आपोआप होईल तर होईल. तळणीचं तेलही वेगळं. पुऱ्या तळलेल्या कढईतला पापड तुझा नाही.

मामांना (सासऱ्यांना) सांग, खपली हा गहूच आहे, जुन्या वाणाचा. मधुमेहवाले ती खातात म्हणून ती तुला चालत नाही. ग्लुटेन तिच्यातही आहे. असंच गुपचूप पोटात जाणारं बाकीचंही सांगते. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीची मागची बाजू वाच, आणि शंका असेल तर हिंग सोडून दे, जिऱ्या-लसणाच्या फोडणीवर आमटी छान होते. म्हणजे भडंगसुद्धा हिंगाशिवाय. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ यांत गहू पडतो. कुरडया आणि शेवया तर गव्हाच्याच. आणि या वर्षीची नवी साथ म्हणजे 'इम्युनिटी'. आजारातून उठलेल्याला कुणी गव्हांकुराचा रस आणून देतं, कुणी माल्टची पावडर. माल्ट म्हणजे मोड आणलेलं सातू. माया म्हणून घ्यायचं आणि मुलाला नाहीतर भावजींना द्यायचं. बेंदराला पुरणपोळी सगळ्यांना होईल तेव्हा तू वाटीत नुसतं पुरण घे, वर दूध-तूप. मला तर ते पोळीपेक्षा आवडतं.

कोइमतूरचं काय? तिथे तुझं स्वतःचं स्वयंपाकघर आहे, इडली-डोशाचा मुलूख आहे, खाण्याच्या दृष्टीनं तो स्वर्गच. पण मे अखेरीस कोइमतूरला रोजचे रुग्ण चेन्नईपेक्षाही जास्त निघत होते, हे तुझ्या नवऱ्यानं सांगितलं असेलच. मुलाला घेऊन एवढा प्रवास, 8.1 वर, आत्ता नको. दोन महिन्यांनी रक्त सुधारलं, तिथलं निवळलं की खुशाल जा, नवऱ्याजवळ राहायचं म्हणून जा. फक्त तव्यावरून जाऊ नकोस. कारण दर दिवाळीला आणि यात्रेला गावी यायचंच आहे, आणि तेव्हा हाच तवा चुलीवर असेल. शिवाय मुळात आपण पळून आलो असं मनात राहील ते वेगळंच.

कोरोनाचं थोडं. सिलिॲकवाल्यांना कोरोना जास्त जोराचा होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, ती भीती काढून टाक. ज्यांना सिलिॲकसाठी स्टेरॉइडसारखी औषधं चालू आहेत त्यांनी जपावं. काहींची पाणथरी (प्लीहा) नीट काम करत नाही, म्हणून डॉक्टर न्यूमोनियाची लस सुचवतात, ती विचारून ठेव. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्हींत ग्लुटेन नाही. 2021 मध्ये अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. तुला एप्रिलअखेर कोरोना होऊन गेला, म्हणजे 2021 च्या सरकारी नियमानं बरं झाल्यापासून तीन महिन्यांनी तुझी पाळी. नंबर लाव. आणि पुन्हा कधी जुलाब-अशक्तपणा झाला तर 'गव्हाचंच असेल' म्हणून अंगावर काढू नकोस. ताप, खोकला, वास जाणं हे गव्हानं होत नाही. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तर पिठाचा विचारच करायचा नाही, दवाखाना.

तिसरी लाट येवो न येवो, एक पिशवी भरून खुंटीला लावून ठेव. भाजके पोहे, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, साधे चुरमुरे, गुळाचा खडा. चार दिवस निघतील एवढं. त्यात एक चिठ्ठी, ठळक अक्षरात, जेवण देणाऱ्याच्या हातात द्यायला: 'मला सिलिॲक हा आतड्याचा आजार आहे. चपाती, पाव, बिस्कीट, उपीट, शिरा, शेवया चालत नाहीत. भात, वरण, भाकरी, अंडी, दूध, केळी चालतात.' डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स मागे टाचून. शाळेतल्या त्या कक्षात दोन दिवस तू नुसत्या भातावर काढलेस आणि कुणालाच काही बोलली नाहीस. डबे आणणाऱ्या पोरांना माहीत असतं तर त्यांनी भाताची मूद वाढवली असती, घरून भाकरी मागवू दिली असती. माणसं तेवढी वाईट नसतात, त्यांना कळायला मात्र हवं. तुझ्यासारखं ज्यांना आहे, किंवा ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांनीही ही चिठ्ठी उतरवून घ्या. शाळा उघडतील, सहली निघतील, तेव्हाही ती लागेल.

आता मुलाचं. तो वर्गात सगळ्यात बुटका आहे, हे तू चौथ्या पानावर जाता जाता लिहिलंस आणि पुढे गेलीस. सिलिॲक घराण्यातून येतो. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात दहा-पंधरांमागे एकाला तो निघतो. त्याला असेलच असं अजिबात नाही, बुटकेपणाला शंभर कारणं असतात. पण टीटीजी-आयजीए नावाची रक्ताची तपासणी करून घे, आणि ती होईपर्यंत त्याची चपाती बंद करू नकोस. गहू आधी थांबवला तर तपासणी फसते, आजार असूनही कागदावर 'नाही' येतं. हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःबद्दल शंका असेल तर त्यांनाही हेच सांगते, आधी तपासणी, मग पथ्य.

तुझं हिमोग्लोबिन दाखवायला जावंच लागणार आहे, त्याच फेरीत त्याला घेऊन जा. भावजींच्या पुढच्या तपासणीची तारीख असेल तर गाडी एकच होईल. सकाळची भाकरी, ठेचा आणि दही बरोबर बांधून घे, मिरजेत बाहेर काही मिळेल याचा भरवसा धरू नकोस.